दहा माणसं, सात आशीर्वाद

पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, केहिमकर, झिराडकर. ही आडनावं कानावर पडली तर आमच्या चिकोडीतला कुणीही म्हणेल, कोकणातली मंडळी दिसतात, अलिबाग-पेणकडची. आणि ते खरंच आहे. फक्त ही मंडळी ना कुलदैवताला जाणारी, ना दर्ग्याला. ही यहुदी, म्हणजे ज्यू माणसं. स्वतःला ती ‘बेने इस्राएल’ म्हणवतात, म्हणजे इस्राएलची लेकरं. घरात मराठी बोलणारी, बायका लुगडी नेसणाऱ्या, गळ्यात मंगळसूत्र घालणाऱ्या, आणि लग्न मात्र हिब्रू भाषेतल्या सात आशीर्वादांनी लावणारी.

त्यांची मूळकथा अशी सांगतात, की फार फार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं तिथंच पुरली. पोथ्या, धर्मग्रंथ सगळं समुद्रात गेलं. वाचलेल्यांनी गावोगाव तेलाचे घाणे घातले. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावानं नाव ठेवलं ‘शनिवार तेली’. आपल्याकडं चातुर्मासात दिवस मावळायच्या आत ताटं पडतात ती बघून शेजारपाजारचे ओळखतात, हे जैनांचं घर. तशीच ही ओळख. पोथी नसली तरी माणसाचा धर्म बरेच वेळा अशा एखाद्या नियमावर तगून राहतो.

सणांचीसुद्धा त्यांनी अस्सल मराठी नावं केली. नव्याचा सण, खिरीचा सण, दरफाळणीचा सण, बिरड्याचा रोजा. हिब्रू नावं विसरली, पण सण विसरले नाहीत. माणसांचीही तीच तऱ्हा. अब्राहामचा झाला अबाजी, बेंजामिनचा बन्नाजी, सॅम्युएल एझिकिएलचा सामाजी हसाजी. हे सामाजी हसाजी दिवेकर इंग्रजांच्या पलटणीत होते. टिपूशी झालेल्या लढाईत कैद झाले, सुटून आले, आणि १७९६ साली मुंबईत त्यांनी या समाजाचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. ते अजून आहे.

आता लग्नाकडे येते.

यहुदी धर्मशास्त्राप्रमाणं लग्नाचे दोन भाग. पहिला भाग म्हणजे आपला साखरपुडाच म्हणा, पण नुसता पुडा फोडण्याचा नव्हे. तो झाला की मुलगी कायद्यानं त्या माणसाची झाली, मोडायचं तर काडीमोडच घ्यावी लागे. दुसरा भाग म्हणजे मुलगी नांदायला जाणं. जुन्या काळी या दोन भागांत वर्षभराचं अंतर असे, मुलीला आपली तयारी करता यावी म्हणून. पुढं मध्ययुगात दोन्ही विधी एकाच दिवशी, लागोपाठ करायची पद्धत पडली. कारण उघड आहे. वर्षभर मुलगी ना इकडची ना तिकडची, आणि दिवस धामधुमीचे.

पहिल्या भागात अंगठी. दोन साक्षीदारांसमोर वर वधूच्या बोटात अंगठी घालतो आणि मोशेच्या व इस्राएलच्या धर्माप्रमाणं तू माझी झालीस अशा अर्थाचं एक ठरलेलं वाक्य म्हणतो. अंगठी त्याच्या मालकीची हवी, उसनी चालत नाही. मग करारपत्र वाचतात. त्याला ‘केतुबा’ म्हणतात. ते नवऱ्यानं बायकोला लिहून द्यायचं असतं. तिला खाऊ घालीन, नेसवीन, आणि सोडली किंवा मी मेलो तर तिला इतकी रक्कम मिळेल, असं त्यात लिहिलेलं. कुमारिकेला दोनशे चांदीची नाणी, विधवेला शंभर, हा मूळचा दर. कागद बायकोनं आपल्यापाशी ठेवायचा. हुंड्याच्या याद्या करणाऱ्या आपल्या लोकांनी तो जरा वाचावा असं मला फार वाटतं. पण हेही सांगितलं पाहिजे की या सगळ्या विधीत वधू एक अक्षर बोलत नाही. तिनं अंगठी घेतली, हाच तिचा होकार.

त्यानंतर ते सात आशीर्वाद.

‘आशीर्वाद’ हा शब्द मी वापरते आहे खरी, पण तो पुरता बसत नाही. आपल्याकडं आशीर्वाद म्हणजे मोठ्यांनी डोक्यावर हात ठेवून ‘सुखी राहा’ म्हणणं, ‘अष्टपुत्रा हो’ म्हणणं. इथं सातांपैकी एकातही वधूला पुत्रवती हो असं कुणी म्हणत नाही. प्रत्येक आशीर्वाद देवाला उद्देशून आहे, त्याचं स्तवन करणारा. पहिला द्राक्षाच्या फळाबद्दल, कारण हातात द्राक्षरसाचा पेला असतो. दुसरा म्हणतो, सगळं त्याच्या गौरवासाठी निर्माण झालं. तिसरा, त्यानं माणूस घडवला. चौथा, त्यानं माणसाला आपल्या प्रतिमेत घडवलं आणि त्याच्यातूनच त्याला जोडीदार दिली. पाचव्यात एकदम एक निपुत्रिक बाई येते, आणि तिची लेकरं तिच्याकडं परत येवोत असं मागणं येतं. ही बाई म्हणजे सियोन, जेरुसलेम नगरी. लग्नमंडपात वांझ बाईचं नाव घ्यायचं नाही अशी आपली समजूत. तिथं मुद्दाम घेतात, तेही आनंदात. सहाव्यात वधूवरांसाठी पहिलं मागणं. एदेन बागेतल्या पहिल्या जोडप्याला जसा आनंद दिलास तसा या दोन जिवलगांना दे. सातवा सगळ्यांत लांब. त्यात आनंदाला जितके शब्द आहेत तितके रचत जातात, आणि मग जेरुसलेमच्या रस्त्यांत पुन्हा वराचा आणि वधूचा आवाज ऐकू येवो असं मागतात.

सहावा आणि सातवा यांच्या शेवटात एक बारीक फरक आहे. सहाव्याच्या शेवटी देव ‘वराला आणि वधूला’ आनंद देतो, सातव्याच्या शेवटी ‘वराला वधूसह’. अकराव्या शतकात फ्रान्समध्ये राशी नावाचे मोठे भाष्यकार होऊन गेले. ते या फरकावर लिहितात, की पहिल्या मागण्यात दोघांना आपापलं क्षेम लाभो, पोटाला मिळो, कामात यश येवो असा अर्थ. दुसऱ्यात दोघांना एकमेकांच्या संगतीत आनंद मिळो असा. नुसत्या ‘आणि’चं ‘सह’ झालं, पण तीस वर्षं संसार केलेल्या कुणाही बाईला त्यातली मेख कळेल. घरात सगळं असतं आणि तरी एकमेकांशी बोलायला काही नसतं, अशी घरं आपण सगळ्यांनी बघितली आहेत.

आपल्या जैन मंगलाष्टकांतही पंचपरमेष्ठींचं स्मरण असतं, मागणं असतं ते मंगलाचं. णमोकार मंत्रात तर मागणं नाहीच, नुसता नमस्कार. म्हणून मला हे सात आशीर्वाद वाचताना परके वाटले नाहीत. फरक आहे तो दुसराच. आपल्या मंगलाष्टकांची संख्या नावाला आठ. मग वराची आत्या एक रचून आणते, वधूच्या मामींना गायची हौस असते, उपाध्ये घड्याळ बघत राहतात, आणि जेवणाच्या पंगतीकडं निम्मा मांडव सरकलेला असतो. तिथं सात म्हणजे सात. हे सात वेगवेगळ्या माणसांकडून म्हणवून मान देता येतो, पण शब्दात बदल नाही. तालमूदमध्ये, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राच्या मोठ्या ग्रंथात, पाच म्हणायचे की सहा यावर जाणत्यांचा वाद नोंदवला आहे. एकानं लग्नघरी जाऊन पाच म्हटले, दुसऱ्यानं सहा. वादाचं मूळ असं, की बाई आणि पुरुष यांची घडण एकदाच झाली धरायची की दोनदा. शेवटी सहा ठरले, आणि द्राक्षरसाचा धरून सात.

हे आशीर्वाद म्हणायला पुरोहित लागत नाही. जाणकार कुणीही म्हणावेत. मात्र दहा पुरुष हजर पाहिजेत. (बायका पन्नास असल्या तरी मोजत नाहीत, हे आलंच.) शिवाय लग्नानंतर सात दिवस जेवणावळी, आणि त्या प्रत्येक जेवणानंतर तेच सात आशीर्वाद पुन्हा. पण एक अट. त्या पंगतीला नवं तोंड हवं, म्हणजे आधी न आलेला कुणीतरी पाहुणा. घरच्याघरी तीच माणसं रोज बसून आशीर्वाद म्हणू शकत नाहीत. आनंद नवा व्हायचा तर दारातून नवं माणूस आत यावं लागतं, हे त्या शास्त्रकारांनी बरोबर ओळखलं.

दहा माणसांची अट कुठून आली, हे सांगायलाच हवं. तालमूद त्यासाठी बायबलातल्या रूथची गोष्ट पुढं करतो. रूथ ही मवाब देशाची, म्हणजे परकी. नवरा मेला, मूलबाळ नाही. सासूच्या मागून ती तिच्या गावी आली, लोकांच्या शेतात सरवा वेचून दोघींचं पोट भरू लागली. शेताचा मालक बवाज तिच्या नवऱ्याच्या नात्यातला. त्यानं तिच्याशी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा गावाच्या वेशीत दहा वडीलधाऱ्यांना बसवून घेतलं आणि त्यांच्यादेखत सगळं केलं. ते दहाजण म्हणजेच आजचे लग्नातले दहाजण. एका परक्या मुलखातल्या विधवेच्या पुनर्विवाहाला बसलेली ही पंगत. तिचाच पणतू पुढं दावीद राजा झाला. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढं तिचं काम आहे.

कोकणातल्या आपल्या मंडळींकडं हे सगळं ग्रंथोक्त रूप उशिरा आलं. त्यांची परंपरा सांगते, की दावीद राहाबी नावाचे एक विद्वान आले, त्यांनी या तेल्यांना ओळखलं, शिकवलं आणि झिराडकर, राजपूरकर, शापूरकर या तीन घराण्यांतल्या तरुणांना तयार केलं. या तरुणांना ‘काझी’ म्हणत. गावोगाव फिरून लग्नं लावणं, तंटे सोडवणं हे त्यांचं काम. पुढं कोचीनचे यहुदी शिक्षक आले, एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी हिब्रू शिकवलं, आणि जोसेफ एझिकिएल राजपूरकरांसारख्या पंडितानं प्रार्थनांची मराठी भाषांतरं करून छापली. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा, फळ मिळालं उलटंच. १८८० च्या सुमारास तर या लोकांनी बायबलातल्या कथांवर मराठीत कीर्तनं सुरू केली. बुवा उभे राहून मोशेचं आख्यान लावताहेत, मागं टाळ. मला तर ते नुसतं डोळ्यांपुढं आणूनच आनंद होतो.

लग्नात जुनं आणि नवं शेजारी शेजारी राहिलं. हळद, मेंदी, हिरवा चुडा, नवरदेवाच्या डोक्याला फुलांच्या मुंडावळ्या हे सगळं आपल्यासारखं. मंगलकार्याला मलिदा करायचा. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वर फळं, असं ताट मांडून एलियाहू हन्नबीला, म्हणजे एलिया संदेष्ट्याला आळवायचं. कोकणात पोहे-नारळाशिवाय देव कसा खूश व्हायचा? वधू आत येते तेव्हा नवरा स्वतः हिब्रू गाणं म्हणून तिचं स्वागत करतो, तिला कबुतरीची उपमा देणारं. आपल्याकडचे नवरदेव अंतरपाटाआड गप्प उभे असतात, त्यांना हे शिकवायला हरकत नाही.

आणि द्राक्षरस. धर्माला चालेल अशी द्राक्षाची दारू कोकणात कुठून मिळणार? मग काळ्या मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या आणि तो सरबताचा पेला हातात घ्यायचा. मद्याचं नाव काढताच नाक मुरडणाऱ्या आमच्या घरातल्या वडीलबायकांना हे मी सांगितलं, तेव्हा त्यांचा या लोकांविषयीचा आदर एकदम वाढला. मनुकांचं पेय शास्त्रालाही मान्य आहे. आनंदाला पेला हवा, नशा नको.

एवढं सगळं जपून झालं, आणि मग १९४८ साली इस्राएल देश झाला. सातव्या आशीर्वादात ज्या गावाचे रस्ते आहेत तिकडं जायची वाट मोकळी झाली. हजारो बेने इस्राएली मुंबई सोडून गेले. तिथं देशाचा कायदा असा, की यहुद्यांची लग्नं धर्मपीठाच्या परवानगीनंच लागतात, सरकारी नोंदणीचं लग्न नाहीच. १९६० च्या आसपास काही धर्मगुरूंनी यांची लग्नं लावायला नकार दिला. म्हणाले, तुमच्या वंशाबद्दल शंका आहे.

शंका कसली, तर अशी. शास्त्राप्रमाणं विवाहित बाईला विधिपूर्वक लेखी काडीमोड मिळाल्याशिवाय तिचं दुसरं लग्न होत नाही, आणि ते केलंच तर त्या संततीला बट्टा लागतो. तिच्याशी इतरांनी लग्न करू नये असा नियम आहे. तसंच निपुत्रिक विधवेला दिराशी लग्न करावं लागतं, किंवा जोडा काढण्याचा एक विधी करून सुटका घ्यावी लागते. तुम्ही शेकडो वर्षं कोकणात, पोथीविना राहिलात. तुम्हाला हे नियम ठाऊक होते का? तुमच्या पणजीची काडीमोड नीट झाली होती का?

१९६१ च्या ऑक्टोबरमध्ये मुख्य धर्मपीठानं लग्नं लावायला हरकत नाही असं ठरवलं. पण १९६२ च्या फेब्रुवारीत मुख्य रब्बी यित्झाक निसीम यांच्या सूचना निघाल्या, की लग्न नोंदवणाऱ्यानं अशा वधूवरांची आई, आजी, जितकं मागं जाता येईल तितकं तपासावं. झिराडच्या तेलिणीचा दाखला कोण आणून देणार? आम्हा सीमाभागातल्या लोकांना ‘तुम्ही नक्की कुणाचे?’ हा प्रश्न नवा नाही, त्यामुळं त्यांच्या मनाला काय झालं असेल ते इथं वेगळं समजावून सांगावं लागत नाही. भारतातसुद्धा बगदादहून आलेल्या धनवान यहुद्यांपैकी काहीजण यांना प्रार्थनेच्या दहांत मोजायला नाखूश असतच. तिथं निदान आपलं देऊळ वेगळं बांधता येत होतं. इथं लग्नच अडलं.

यांची बाजू घेणाऱ्यांनी एक मुद्दा मांडला. या समाजात काडीमोड जवळपास नव्हतीच, आणि विधवा पुन्हा लग्न करत नसत. मग बट्टा लागणार कुठून? मुद्दा बिनतोड होता. पण मला तो वाचताना थांबायला झालं. यहुदी धर्मशास्त्र विधवेला लग्नाची मोकळीक देतं, तिच्यासाठीसुद्धा सात आशीर्वाद सांगतं. कोकणातल्या या बायकांची मोकळीक शेजारच्या उच्चवर्णीयांच्या चालीनं गेली. आपल्या जैन पत्रांतही विधवाविवाहावरून काय रणं माजली ते जुने अंक काढून पाहावं. अशा कितीएक बायका मनातलं मनात ठेवून म्हाताऱ्या झाल्या, आणि पुढं शंभर वर्षांनी त्यांचं ते एकटेपण नातवंडांच्या शुद्धतेचा पुरावा म्हणून जेरुसलेमात कामी आलं. ज्या दहा माणसांचा दाखला द्यायचा ती मात्र एका विधवेच्याच लग्नाला बसली होती, आणि ती परकीही होती. रूथला कुणी तिच्या आजीचं नाव विचारलं नाही.

बेने इस्राएली गप्प बसले नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात गावोगावचे लोक जेरुसलेममध्ये येऊन ठिय्या देऊन बसले. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बायका, मराठीत एकमेकांशी बोलत त्या शहरात बसलेल्या. ज्या रस्त्यांत वधूवरांचा आवाज येवो म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मनुकांच्या सरबताचा पेला उचलला, तिथंच लग्न लावू द्या म्हणून बसायची वेळ आली. ऑगस्टमध्ये संसदेची खास बैठक झाली. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारनं सांगितलं, की बेने इस्राएल हे सर्वार्थानं यहुदी आहेत, त्यांच्यात आणि इतरांत भेद नाही. महिनाअखेर धर्मपीठानं आपल्या सूचनांतून त्यांचं नाव काढलं. तिथं आता ज्या कुणाबद्दल शंका असेल त्याची चौकशी, असे शब्द आले. शब्दांची ही कसरत सगळ्यांना कळत होती, पण नाव निघालं हे महत्त्वाचं.

आपल्या देशात गंमत वेगळी आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा जैनांना, बौद्धांना, शिखांना लागू आहे. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी आणि यहुदी यांना त्यातून वगळलेलं आहे. ख्रिस्ती, पारशी यांचे स्वतंत्र विवाह कायदे झाले. यहुद्यांचा झाला नाही, त्यांची लग्नं रूढीवर चालतात. कोर्टाचा कागद नाही, तर केतुबा आणि दोन साक्षीदार हाच आधार. आम्हा जैनांना केंद्रानं २०१४ साली अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, आणि महाराष्ट्र सरकारनं यहुद्यांना २०१६ साली. तोवर ते मोजायला फारसे उरले नव्हते. स्वातंत्र्याच्या वेळी वीस हजारांच्या घरात असलेला समाज आता पाच हजारांच्या आत आला आहे.

इस्राएलमध्ये त्यांचं ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघतं, मलिद्याची ताटं मांडली जातात. आणि इकडं कोकणात काही प्रार्थनामंदिरांची अडचण अशी आहे, की वास्तू आहे, दिवे आहेत, राखणारी माणसं आहेत, पण दहा पुरुष जमत नाहीत. लग्न असलं की मुंबई-ठाण्याहून माणसं बोलवावी लागतात. अलिबागला अजून इस्राएल आळी म्हणून गल्ली आहे. तिथं असं लग्न असलं, की वऱ्हाड गाड्यांनी येतं, आणि कुणीतरी आधी मोजून घेतं.